घरच्या कॉम्प्युटरवर आपला कॅसेटवाला व्हिडिओ गेम कसा लावायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत आते-मामेभावांपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत खूप जणांना मी हे सेटअप करून दिलंय, आणि प्रत्येक वेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय. बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते: गेम चालू होतो पण "तेव्हासारखं वाटत नाही यार" असं म्हणून दोन दिवसांत सगळं बंद होतं. तेव्हासारखं न वाटण्याला ठोस कारणं आहेत आणि प्रत्येक कारणावर एकेक सेटिंग आहे. खालचं सगळं मुख्यतः त्याबद्दलच आहे.

एम्युलेटर म्हणजे नक्की काय?

जुन्या मशीनमधल्या चिपा जे काम करायच्या ते काम सॉफ्टवेअरने करून दाखवणारा प्रोग्रॅम. गेमला वाटतं आपण खऱ्या मशीनमध्ये आहोत, म्हणजे त्याला प्रोसेसर सापडतो, चित्र काढणारी चिप सापडते, रिमोटची बटणं सापडतात, फक्त हे सगळं तुमचा कॉम्प्युटर त्या त्या क्षणी हिशोब करून पुरवत असतो. एम्युलेटर म्हणजे गेम नाही हे पहिल्यांदा लक्षात घ्या. एम्युलेटर हा सेट आणि गेमची फाइल ही कॅसेट.

आपल्याकडचा तो सेट नक्की कुठला होता?

नव्वदीत आणि दोन हजारच्या सुरुवातीला आपल्या घरांमध्ये मीडिया, समुराय, लिटल मास्टर अशा नावांचे जे सेट होते, सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि "९९९९ इन १" लिहिलेली पिवळी किंवा काळी कॅसेट, ते बहुतेक सगळे एकाच जपानी मशीनवर बेतलेले होते. ते मशीन म्हणजे निन्टेन्डोचं फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये आलेलं. अमेरिकेत तेच १९८५ पासून एनईएस या नावाने विकलं गेलं. आत ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झ, मुख्य मेमरी २ किलोबाइट आणि चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. एवढ्याशा जागेत मारिओ, कॉन्ट्रा आणि तो रणगाड्याचा गेम म्हणजे बॅटल सिटी बसवला होता, मला अजून याचं मनापासून कौतुक वाटतं.

पण आपल्या घरी होता तो क्लोन. तैवानच्या यूएमसी कंपनीने या चिपांच्या नकला बनवल्या होत्या आणि असल्या चिपा जगभरच्या कितीतरी क्लोनमध्ये गेल्या. नक्कल आणि अस्सल यांत थोडे फरक होते आणि आपलं लहानपण त्या फरकांसकट गेलंय. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

माझा कॉम्प्युटर जुना आहे, चालेल का?

चालेल. १९९७ मध्ये नेस्टिकल नावाचा एम्युलेटर आला होता तो डॉसवर, त्या काळच्या पेंटियम मशीनवर सुद्धा चालायचा. आजचे एम्युलेटर जास्त काटेकोर आहेत म्हणून थोडी जास्त ताकद मागतात, तरी दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप आरामात पुरतो. ग्राफिक्स कार्ड वेगळं लागत नाही.

कुठला एम्युलेटर घेऊ? नावं वाचून गोंधळ उडतो.

तीन नावं लक्षात ठेवा, बाकी सोडून द्या.

मेसेन: माझी पहिली निवड. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, खऱ्या मशीनच्या खूप जवळ जातो, आणि आपल्या क्लोनसारखं वागायला लावायच्या सेटिंग्ज त्यात आहेत.

एफसीईयूएक्स: मशीन फार जुनं असेल, ३२ बिट विंडोज असेल, तर हा घ्या. हलका आहे, वर्षानुवर्षं तपासलेला आहे.

रेट्रोआर्क: हा स्वतः एम्युलेटर नाही, तो एक डबा आहे ज्यात वेगवेगळे एम्युलेटर "कोर" म्हणून बसवता येतात. पुढेमागे इतर कन्सोलही खेळायचे असतील आणि मेनूंमध्ये शिरायची तयारी असेल तर उत्तम, पण पहिल्याच दिवशी नको, मेनूंच्या आत मेनू आहेत आणि नवीन माणूस तिथेच दमतो.

खाली मी मेसेन धरूनच सांगतोय.

बरं, मग लावायचं कसं?

मेसेन त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सर्च केल्यावर वरती जाहिरातीतून येणाऱ्या आणि मोठ्ठं हिरवं डाउनलोड बटण दाखवणाऱ्या साइट्सवरून नाही, त्यात सोबत काय काय चिकटून येईल सांगता येत नाही. झिप फाइल येते, ती डी ड्राइव्हवर "गेम" नावाचं फोल्डर करून तिथे उघडा. डाउनलोड्समधून किंवा झिपच्या आतूनच डबल क्लिक करून चालवू नका, मग सेव्ह कुठे गेले ते सापडत नाही. विंडोजवर कधी कधी डॉटनेट रनटाइम मागतो, तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घेऊन टाका.

पहिल्यांदा चालू केलं की तो विचारतो डेटा कुठे ठेवू, यूजरच्या फोल्डरमध्ये की प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये. दुसरा पर्याय घ्या. सगळं एका जागी राहतं, उद्या नवा कॉम्प्युटर घेतलात तर अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून न्यायचं, काम झालं. मग रिमोट कुठला आहे ते विचारेल, एक्सबॉक्स टाइप, प्लेस्टेशन टाइप की कीबोर्ड, जे असेल त्यावर टिक करा. मग फाइल, ओपन, गेमची फाइल निवडा. एवढंच. बायोस (मशीनचा स्वतःचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) वगैरे काही लागत नाही, कॅसेटच्या गेमला तर नाहीच, फक्त जपानमध्ये फ्लॉपीसारख्या डिस्कवर आलेल्या गेमना वेगळी बायोस फाइल लागते आणि ते गेम आपल्यातल्या बहुतेकांना नकोच असतात.

गेम कुठून आणायचे? हे कायदेशीर आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला वाटतं याचं सरळ उत्तर द्यायला पाहिजे.

एम्युलेटर वापरणं हा स्वतःहून गुन्हा नाही. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात वरच्या कोर्टाने एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला होता. प्रश्न गेमच्या फाइलचा आहे. गेमवर कॉपीराइट असतो आणि तो अजून संपलेला नाही, "एवढा जुना गेम आहे, आता कोण विचारतंय" हे कायद्यात बसत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला तो खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत करायची मुभा आहे. पण आपली ९९९९ वाली कॅसेट मुळातच विनापरवाना होती, तिला कायदेशीर प्रत म्हणता येत नाही. त्यामुळे नेटवर जे हजार गेमचे गठ्ठे फिरतात त्यांच्या लिंका मी कोणाला देत नाही, मागूही नका.

मग काय खेळायचं? बरंच आहे. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचा जुन्या गेमांचा संच कॉम्प्युटरसाठी काढला, स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात आहे, पहिला कॉन्ट्रा त्यात आहे. नामकोचे म्युझियम आर्काइव्ह्ज नावाचे दोन संच २०२० मध्ये आले, पहिल्यात गॅलॅक्सियन, पॅकमॅन, मॅपी आहेत आणि दुसऱ्यात बॅटल सिटी, चक्क फॅमिकॉमचीच आवृत्ती. सेल लागला की स्वस्तात मिळतात. हे घेतले तर एम्युलेटर सुद्धा लागत नाही.

आणि एम्युलेटरसाठी होमब्रू गेम आहेत, म्हणजे हौशी लोकांनी आजच्या काळात या जुन्या मशीनसाठी नव्याने लिहिलेले. नोव्हा द स्क्विरल फुकट आहे, मारिओसारखा उड्या मारायचा, मस्त मोठा. अल्टर ईगो कोडं सोडवायचा आहे, तोही फुकट. थ्वेट मध्ये गावावर पडणारी क्षेपणास्त्रं अडवायची असतात. मायक्रो मेजेस २०१९ चा, विकत घ्यावा लागतो, पण चार जणं एकाच वेळी खेळू शकतात आणि अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलाय, म्हणजे पहिल्या सुपर मारिओ एवढ्याच जागेत. माझ्या घरी आता हाच सगळ्यात जास्त चालतो.

माझ्याकडे खरी कॅसेट आहे, त्यातला गेम काढता येतो का?

येतो, त्यासाठी डंपर नावाचं छोटं यंत्र मिळतं, कॅसेट त्यात खोचायची आणि यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचं. घेताना एवढं बघा की आपल्याकडच्या कॅसेटी ६० पिनांच्या असतात, जपानी पद्धतीच्या. अमेरिकन एनईएसच्या ७२ पिनांच्या. परदेशातून अस्सल गेम आणला असेल तर हा मार्ग सगळ्यात स्वच्छ. त्या ९९९९ वाल्या कॅसेटी उघडल्या की आत नेहमीची चिप नसते, काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली सगळं झाकलेलं असतं, आणि त्यांची आतली जोडणी प्रत्येकाची निराळी, त्यामुळे डंपरला बऱ्याचदा कळतच नाही काय वाचायचं. आणि हो, त्यात ९९९९ गेम कधीच नव्हते. थोडेच गेम पुन्हा पुन्हा, कधी वेगळ्या नावाने, कधी दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे, लहानपणी आम्ही चार हजारच्या पुढे जाऊन शोधायचो काही नवीन मिळतंय का.

फाइल उघडत नाही किंवा व्हायरस वाटतेय, कसं ओळखू?

या मशीनच्या गेमच्या फाइलचं एक्स्टेन्शन डॉट एनईएस असतं. डॉट ईएक्सई कधीच नाही. कुणी "मारिओ सेटअप डॉट ईएक्सई" दिला आणि तो दीडशे एमबीचा असेल तर डिलीट करा, उघडून बघायच्या फंदात पडू नका. खऱ्या फाइली इतक्या लहान असतात की विश्वास बसत नाही: बॅटल सिटी २४ किलोबाइट, पहिला सुपर मारिओ ४०, कॉन्ट्रा १२८. अमेरिकेत परवाना घेऊन निघालेल्यांतला सगळ्यात मोठा गेम, किर्बीज ॲडव्हेंचर, तो सुद्धा ७६८ किलोबाइट. व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याहून मोठा असतो कित्येकदा.

फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटची चिठ्ठी असते, कॅसेटमध्ये कुठल्या जातीचं सर्किट होतं ते त्यात लिहिलेलं असतं, त्या सर्किटला मॅपर म्हणतात. ही चिठ्ठी चुकीची असेल तर स्क्रीन काळी राहते किंवा नुसता कचरा दिसतो. दोष एम्युलेटरचा नसतो तेव्हा, फाइलचा असतो.

गेम फार फास्ट वाटतो! म्युझिक पण पळतंय. माझं वय झालं का?

नाही हो, वयाचा संबंध नाही. माझ्या मोठ्या भावाने कॉन्ट्रा लावल्या लावल्या हेच म्हटलं होतं, आणि त्याचं बरोबर होतं.

गोष्ट अशी आहे की जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचे आणि आपले पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. त्या काळचे गेम घड्याळ बघून चालत नव्हते, चित्र मोजून चालायचे, एक चित्र झालं की मारिओ एवढे ठिपके पुढे, म्युझिकचा एवढा तुकडा पुढे, असं. आता ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर चालणाऱ्या क्लोनमध्ये सेकंदाला चित्रंच कमी, मग अख्खा गेम सहा भागांतल्या पाच भागांच्या वेगाने चालणार. म्हणजे आपल्यातले कितीतरी जण जो मारिओ खेळले तो जपानी पोरांच्या मारिओपेक्षा हळू धावायचा, आणि आपल्या कानात बसलेली ती धून सुद्धा संथ चालीची आहे. एम्युलेटर गेम बघून ठरवतो की हा अमेरिकन किंवा जपानी आहे, आणि ६० वर लावतो.

उपाय: सेटिंग्जमध्ये एनईएस निवडा, तिथे रीजन आहे, ते ऑटोवरून "डेंडी" वर न्या. डेंडी हा रशियात गाजलेला क्लोन, आपल्या सेटांच्याच जातकुळीतला, म्हणून हे नाव. लोक इथे "पाल" निवडतात आणि फसतात. पाल म्हणजे युरोपातला अस्सल एनईएस, त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर उतरवलेला होता, म्हणून त्यावर सूर पण खाली जातात आणि काही गेममध्ये वरची स्कोरची पट्टी थरथरते. डेंडी जातीच्या क्लोनमध्ये प्रोसेसर १.७७ वर, म्हणजे मूळच्या जवळजवळ तेवढाच, त्यामुळे सूर तोच राहतो आणि फक्त लय संथ होते. एफसीईयूएक्समध्ये पण रीजनमध्ये डेंडी मिळेल.

सगळेच सेट असे नव्हते, काहींवर गेम पूर्ण वेगाने चालायचे, त्यामुळे दोन्ही लावून बघा आणि ज्यावर अंगठा आपोआप बरोबर वेळी पडतो तो ठेवा. कॉन्ट्राच्या पहिल्या स्टेजचा तो पूल फुटतो ना, तिथे लगेच कळतं.

एक अडचण मात्र येईल. मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि गेम ५० चा, मग दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवलं जातं आणि स्क्रीन सरकताना बारीक हिसके बसतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० किंवा १०० हर्ट्झचा पर्याय दिसतोय का बघा, टीव्ही जोडला असेल तर बऱ्याचदा दिसतो. व्हेरिएबल रिफ्रेशवाला, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे स्वतःचा वेग बदलणारा मॉनिटर असेल तर प्रश्नच मिटला.

वेग जमला, पण आवाज अजून वेगळा वाटतो.

हे ज्याला ऐकू येतं त्याचे कान खरंच चांगले आहेत. या मशीनमध्ये आवाजाचे पाच चॅनल, त्यातले दोन चौकोनी लहरींचे, बहुतेक चाली त्यावरच वाजतात. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली यावरून आवाजाचा पोत ठरतो, २५ टक्के असेल तर पातळ, ५० टक्के असेल तर भरीव. बऱ्याच क्लोन चिपांमध्ये हे दोन उलटसुलट झाले होते! म्हणजे जिथे पातळ आवाज हवा तिथे भरीव यायचा आणि भरीवच्या जागी पातळ. लाखो मुलांनी तेच म्युझिक खरं म्हणून ऐकलं.

मेसेनच्या ऑडिओ सेटिंगमध्ये यासाठी वेगळा चौकोन आहे, स्क्वेअर चॅनलच्या ड्यूटी सायकल अदलाबदल करा असा, जुन्या क्लोनची नक्कल म्हणून. त्यावर टिक करा आणि डोळे मिटून ऐका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सांगलीच्या आमच्या जुन्या घरातली दुपार आठवली, टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल बाजूला सारून गेम लावायचो ती, आणि मी जरा वेळ खेळलोच नाही, नुसता टायटल स्क्रीनवर बसून राहिलो.

चित्र ताणलेलं दिसतंय, आणि ठिपके बोचतात.

फुल स्क्रीन केल्यावर आडवं ताणलं असेल तर व्हिडिओमध्ये आस्पेक्ट रेशो ४:३ करा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू देत, त्या राहायलाच पाहिजेत. वरखाली ८-८ ओळी कापा, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या टीव्हीच्या चौकटीत त्या तशाही झाकल्या जायच्या आणि काही गेम तिथे कचरा दाखवतात.

ठिपके बोचतात कारण ती चित्रं काढणाऱ्यांनी ती डब्बा टीव्हीवर बघून काढली होती, काच जरा पसरवायची, कडा मऊ व्हायच्या. फिल्टरमध्ये जाऊन हलक्या स्कॅनलाइन्स, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या आडव्या गडद रेषा लावा. रेट्रोआर्कमध्ये सीआरटी शेडर म्हणून डब्बा टीव्हीची नक्कल करणारे जास्त चांगले फिल्टर मिळतात. रंगांवरून भांडू नका, हे मशीन कॉम्पोझिट सिग्नल द्यायचं, त्यात ठरलेले लाल-हिरवे-निळे आकडे नव्हतेच, प्रत्येक टीव्ही आपल्या परीने रंग लावायचा. मारिओचं आकाश कुणाकडे निळं, कुणाकडे जांभळट, दोघंही खरं बोलतायत.

रिमोट कुठला घेऊ? कीबोर्डवर दोघांना खेळता येतं का?

येतं पण भांडणं होतात. साध्या कीबोर्डला एकाच वेळी तीन-चार बटणं दाबली तर काही कळतात, काही गिळली जातात, मग एकाचा रणगाडा अडकतो आणि दुसऱ्याला वाटतं हा मुद्दाम करतोय. दोन यूएसबी रिमोट घ्या, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधे मिळतात, ऑनलाइन तर मिळतातच. घेताना एकच गोष्ट तपासा, चारी दिशांचं अधिकचिन्हासारखं बटण. ते पचपचीत असेल तर वर दाबताना तिरकं जातं आणि बॅटल सिटी खेळणं अशक्य होतं. बाकी दिसणं, लाइट, व्हायब्रेशन याला काडीचं महत्त्व नाही.

आपल्या रिमोटला वरती जादाची दोन टर्बो बटणं असायची, दाबून धरलं की धडाधड गोळ्या. अस्सल मशीनच्या साध्या रिमोटला ती नव्हती. मेसेनच्या इनपुटमध्ये टर्बो ए, टर्बो बी अशा वेगळ्या जागा आहेत, तिथे लावून घ्या.

बटण दाबल्यावर उडी उशिरा मारतो.

आधी टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नव्वद टक्के लोकांचं इथेच भागतं. ब्लूटूथऐवजी वायर लावून बघा. त्यानंतरही वाटलं तर रन-अहेड नावाची सेटिंग आहे, मेसेनमध्ये आहे आणि रेट्रोआर्कमध्येही, ती एक फ्रेम ठेवा. एम्युलेटर गुपचूप एक चित्र पुढचं काढून ठेवतो आणि तेवढा उशीर खाऊन टाकतो. ५० हर्ट्झवर एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद, ऐकायला कमी वाटतं पण हाताला कळतं. जास्त फ्रेम ठेवल्या तर पात्रं उड्या मारत सरकतात, लोभ नको.

गेम सेव्ह कसा करायचा? तेव्हा तर लाइट गेली की संपलं.

शिफ्ट आणि एफ१ दाबलं की पहिल्या खणात सेव्ह, नुसतं एफ१ दाबलं की तिथून पुढे चालू. रेट्रोआर्कमध्ये एफ२ ने सेव्ह, एफ४ ने परत. याला सेव्ह स्टेट म्हणतात, मशीनचा त्या क्षणाचा फोटोच. हे एका एम्युलेटरमधून दुसऱ्यात जात नाही, आणि एम्युलेटरची आवृत्ती बदलली तरी कधी कधी रुसतं. झेल्डासारख्या गेममध्ये कॅसेटच्या आतच बॅटरी असायची आणि गेम स्वतः सेव्ह करायचा, ती फाइल डॉट एसएव्ही म्हणून वेगळी पडते आणि सगळीकडे चालते. मोठा गेम खेळत असाल तर गेमच्या आतलं सेव्ह आधी करा, मग हवं तर फोटो काढा.

बंदूक चालेल का?

जुनी बंदूक नव्या टीव्हीवर नाही. तिच्यात प्रकाश ओळखणारा डोळा असतो. ट्रिगर दाबला की गेम एक क्षण सगळी स्क्रीन काळी करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, त्या नेमक्या क्षणी बंदुकीला प्रकाश दिसला तर बदक पडलं. डब्बा टीव्ही लगेच दाखवायचा, एलसीडी उशीर करतो आणि त्याच्या प्रकाशाची थरथरही वेगळी, त्यामुळे बंदूक आंधळी होते. एम्युलेटरमध्ये माउसच बंदूक होतो, दुसऱ्या पोर्टमध्ये झॅपर (बंदुकीचं मूळ नाव) निवडलं की झालं, मेसेन बहुतेक वेळा आपणहून ओळखतो.

कॉन्ट्रात तीस लाइफ?

टायटल स्क्रीनवर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, मग स्टार्ट. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. कीबोर्डवर लागत नसेल तर बी आणि ए उलटे लावलेत का बघा.

खूप शत्रू आले की पात्रं लुकलुकतात, हे बिघडलंय का?

नाही, खरं मशीन एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवू शकायचं, म्हणून गेम आळीपाळीने दाखवायचे. एम्युलेटरमध्ये ही मर्यादा काढता येते. मी काढत नाही, पण आईबाबांना किंवा लहान मुलांना डोळ्यांना त्रास होत असेल तर खुशाल काढा.

भाऊ परदेशात आहे, त्याच्यासोबत खेळता येईल का?

येतं, नेटप्ले म्हणतात. रेट्रोआर्कमधलं जास्त जमतं, ते दुसऱ्याचं बटण उशिरा पोचलं तर थोडं मागे जाऊन परत हिशोब करतं. दोघांकडे तोच कोर, त्याच आवृत्तीचा, आणि गेमची अगदी तीच फाइल पाहिजे, एक बाइट इकडचा तिकडे असला तरी जोडणी तुटते. माझा धाकटा भाऊ सिंगापूरला असतो, आम्ही रविवारी रात्री खेळतो, उशीर जाणवतो पण खेळता येतं. वायफायपेक्षा दोन्हीकडे लॅन केबल लावा, फार फरक पडतो. आणि सोबत फोन स्पीकरवर ठेवा.

जुना सेट माळ्यावर पडलाय, टाकून देऊ का?

देऊ नका. आधी अडॅप्टर न लावता उघडून बघा, आत पाणी गेलंय का, झुरळांनी घर केलंय का. सेटच्या खाली किती व्होल्ट आणि एसी की डीसी लिहिलेलं असतं ते वाचूनच अडॅप्टर लावा, घरात सापडेल तो लावला की चिप जळते आणि ती परत मिळत नाही. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, आपण सगळ्यांनी मारली पण तोंडातली वाफ पिनांना गंज चढवते. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लागत नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी मिळते. आणि एखादा डब्बा टीव्ही कुणी काढून टाकत असेल तर मला आधी कळवा, बंदूक अजून जपून ठेवलीय.